हाडातली गोदाआत्या

चिमे, प्लास्टरचा हात उशीवर ठेव आणि ऐक. एकदा काय झालं, एका हाडाच्या आत एक नगर होतं. हो, हाडाच्या आत! हाड म्हणजे नुसती काठी नव्हे, बरं का.

नगराचा राजा अस्थिसेन. तिथे रोज बाळं जन्मायची. सगळी गोल गोल आणि एकसारखी. मोठेपणी काय व्हायचं, ते कुणालाच ठाऊक नसायचं. मग साऱ्या नगराची आत्या, गोदाआत्या, एकेकाला मांडीवर घ्यायची. नगरात काय कमी आहे ते बघायची आणि बाळाच्या कानात सांगायची, "कुर्रर्र! तू हमाल!" की ते लाल अंगरखा चढवून घरोघर हवा वाहायला धावलंच! दुसऱ्याला म्हणायची, "कुर्रर्र! तू शिपाई!" की ते पांढरा अंगरखा घालून चोरांच्या मागे! आणि आपल्या पोटच्या पोरांना सांगायची, "तू गवंडी." ती भिंती बांधायची. नाव सांगून झालं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालायच्या. बारशाची रीतच आहे ती.

राजाने हे पाहिलं. "ही बाई काम काय करते? कुजबुजते आणि धपाटे खाते! हाकला तिला!"

"वा महाराज!" प्रधान म्हणाला. प्रधानाला कामच तेवढं. आत्या आपली पोरं घेऊन वेशीबाहेर गेली.

मग राजाने दवंडी पिटवली, "आजपासून सगळे शिपाई!" शिपाई सलाम ठोकतात ना, म्हणून. झालं! जन्मेल तो शिपाई. गल्लीत शिपाई, ओसरीवर शिपाई, राजाच्या गादीवरही चार शिपाई. जुने हमाल थकले, हवा आणायला नवं कुणी नाही. दिवे मिणमिणू लागले. राजाला धाप लागली. आणि तेवढ्यात काय झालं ठाऊक आहे? बाहेर एक मुलगी पेरूच्या झाडावरून पडली! कडाड्! नगराची भिंत आरपार चिरली!

"माझा हात!"

हसू नकोस, ऐक. शिपाई धावले. त्यांनी भिंतीच्या चिरेला सलाम ठोकला.

"अरे, गवंडी व्हा!" राजा ओरडला. पण एकदा शिपाई झालेला ओरडल्याने गवंडी होतो होय? भिंत डुगडुगली. आता नगर कोसळणार!

मग राजा अनवाणी धावत वेशीबाहेर गेला. आत्या तिथे निवांत बसली होती.

"आत्याबाई, चला! चुकलो मी!"

"येते. पण धपाटे कोण घालणार? बायका दमल्यात."

"मी घालतो!"

मग काय! आत्याने पदर खोचला, नुकतं जन्मलेलं बाळ मांडीवर घेतलं. "कुर्रर्र! तू हमाल!" धप्! हवा आली, दिवे भकभक पेटले. मग आपल्या पोरांना, "कुर्रर्र! तू गवंडी!" धप्! चिरेत मऊ लिंपण पडलं. "तूही गवंडी! तूही!" धप्, धप्! लिंपण घट्ट होत चाललं. शिपाई पुरेसे होते, तेव्हा तिथे ती गप्प राहिली. कुठे गप्प बसावं हे तिला कळायचं. राजाला ते म्हातारपणी कळलं, प्रधानाला कधीच नाही.

"भिंत पुरी झाली?"

कुठली? काम चालूच आहे. तू चुळबुळ केलीस की गवंड्यांच्या हातातली थापी पडते. ये, कान इकडे कर. कुर्रर्र... तू झोपाळू! आणि माझ्या पाठीत धपाटा उद्या घाल, डाव्या हाताने.