पेटीखाली गेला गूळ

एक होती मुंगी. इटुकली. पहिलीच्या वर्गात, भिंतीच्या भेगेत राहायची. एका सकाळी तिला गुळाचा खडा मिळाला. ती तो ढकलत निघाली. पण खडा सुटला. गड गड गड! गेला थेट पत्र्याच्या पेटीखाली. पक्का अडकला. मुंगीने ओढला. मुंगीने ढकलला. हलेचना. मुंगीला रडू आलं.

मुंगी म्हणाली, "पेटी पेटी, सरक ना.
मला माझा गूळ मिळेना."

पेटी म्हणाली, "पोटात चिंचोके आहेत. जड झालेय मी. चिंचोके निघतील, तर सरकेन."

मुंगी फटीतून पेटीत शिरली. तुरुतुरु तुरुतुरु.

"चिंचोक्यांनो, चिंचोक्यांनो, बाहेर निघा ना.
पेटी सरकेना,
मला माझा गूळ मिळेना."

चिंचोके म्हणाले, "रुंजी मोजेल, तर निघू."

पहिलीतली रुंजी कोपऱ्यात बसली होती. हनुवटी गुडघ्यावर. मुंगी गेली, तुरुतुरु तुरुतुरु.

"रुंजीताई, रुंजीताई, चिंचोके मोज ना.
चिंचोके निघेनात,
पेटी सरकेना,
मला माझा गूळ मिळेना."

रुंजी हळूच म्हणाली, "नुसतं मोजून कंटाळा येतो. बाई खेळ घेतील, तर मोजेन."

बाई संगणकाचं बटण दाबून दाबून दमल्या होत्या. मुंगी गेली, तुरुतुरु तुरुतुरु.

"बाई, बाई, खेळ घ्या ना.
रुंजी मोजेना,
चिंचोके निघेनात,
पेटी सरकेना,
मला माझा गूळ मिळेना."

बाईंनी मुंगीला अलगद बोटावर घेतलं. म्हणाल्या, "अगं, खेळ संगणकात आहे. तो उठेल, तर घेईन."

मुंगी संगणकावर चढली. तुरुतुरु तुरुतुरु.

"संगणका, संगणका, ऊठ ना.
बाई खेळ घेईनात,
रुंजी मोजेना,
चिंचोके निघेनात,
पेटी सरकेना,
मला माझा गूळ मिळेना."

संगणक झोपेतच पुटपुटला. त्याला वीज मिळायची उन्हापासून. आणि शाळेवर बसला होता ढग. ढग हलेल, तर उठेन, म्हणाला.

मुंगी भिंत चढली. छपरावर पोचली. पाय दुखले, तरी गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"ढगोबा, ढगोबा, बाजूला हो ना.
संगणक उठेना,
बाई खेळ घेईनात,
रुंजी मोजेना,
चिंचोके निघेनात,
पेटी सरकेना,
मला माझा गूळ मिळेना."

ढग म्हणाला, "कसा जाऊ? या वर्गातली मुलं छान हसतात. तेच ऐकायला थांबलोय. आज कुणी हसतच नाही."

मुंगीने खाली वाकून वर्गाकडे पाहिलं. मग म्हणाली, "ढगोबा, तू ऊन अडवलंस ना, म्हणून."

ढगाला हे ठाऊकच नव्हतं. बिचारा कावराबावरा झाला. लगेच बाजूला सरकला. फार लांब नाही गेला. पलीकडच्या शेतावर थांबला.

ऊन पडलं. संगणक उठला. टिंग! पडद्यावर आला हिरवा बेडूक. बाईंनी खेळ घेतला. मुलांनी सांगायचं, बेडकाने तसंच करायचं. आणि एका उडीला एक चिंचोका मांडायचा.

रुंजीने पेटी उघडली.

"पुढे," ती म्हणाली. बेडूक पुढे गेला. टुणुक!
एक चिंचोका.
"पुढे." टुणुक!
दोन चिंचोके.
"पुढे." टुणुक!
तीन चिंचोके.

पण "वळ" म्हणायचं राहिलं. बेडूक गेला सरळ तळ्यात. डुबुक!

रुंजी खुदकन हसली. अख्खा वर्ग हसला. वर ढगही हसला, अगदी हळू. गुडुगुडु.

"बाई, पुन्हा मोजू?" रुंजीने विचारलं.

पुन्हा मोजलं. पुन्हा पुन्हा मोजलं. चिंचोके निघाले, निघाले, सगळे निघाले. पेटी हलकी झाली. रुंजीचा धक्का लागला. सर्र! पेटी सरकली.

गूळ सुटला!

रुंजीने पाय जवळ घेतले, मुंगीला वाट दिली. मुंगी गूळ घेऊन घरी गेली. चाटून चाटून खाल्ला.

मुंगीचं पोट भरलं. गोष्टीचंही पोट भरलं.