डावीकडची काच

"मग हा ओलावा येतो कुठून? तुम्हीच सांगा, नानाजी."

देविदासभाऊ मोहोड स्टिअरिंगवर हात ठेवून विचारत होते. गाडी त्यांच्याच अंगणात उभी. इंजिन चालू, एसी चालू, काचा सगळ्या बंद. बाहेर आर्वीची मे महिन्यातली दुपार. दोरीवर टाकलेलं लुगडं चिमटा लावेपर्यंत वाळून जावं, अशी.

आणि डावीकडच्या पुढच्या काचेवर, आतल्या बाजूनं, वाफ धरलेली.

तळहाताएवढीच. त्या सीटवर बाईमाणूस बसलं तर तिचं तोंड जिथं येईल, बरोबर तिथं.

सीट रिकामी होती.

मागच्या सीटवर नानाजी बसले होते, त्या काचेकडे पाहत.

नानाजी म्हणजे गावाबाहेरच्या टेकडीवर मठी करून राहणारे म्हातारे. गाडीघोड्यात सहसा न बसणारे, बोलावलं तरी न येणारे. आज आले ते भर उन्हात पायी, डोक्यावर ओलं फडकं टाकून. देविदासभाऊ स्वतःला त्यांचे शिष्य म्हणवून घेत, पण त्यांनी नानाजींचं काही ऐकल्याचं गावात कुणी पाहिलं नव्हतं. दर गुरुवारी टेकडीवर जायचे ते वाद घालायला.

मघाशी देविदासभाऊंनी मोठ्या मानानं पुढचं डावं दार दाखवलं होतं. नानाजींनी कडीला हात घातला. थबकले. मग चुकून कुणाच्या अंगावर पाय पडावा तसे दोन्ही हात जोडून मागं सरले, आणि मागचं दार उघडून बसले.

म्हाताऱ्या माणसाची तऱ्हा, असं देविदासभाऊंनी मनाशी म्हटलं.

"सगळं नवं आहे जी," ते आता सांगत होते. "बंपर काढला, एसीचा जुना कंडेन्सर काढला, नवा बसवला. रबराच्या कड्या नव्या. पंप लावून आतली हवा ओढली, मग गॅस भरला. कुठं गळती नाही. सारं या हातानं केलंय."

"गार आहे," नानाजी म्हणाले.

"गार आहे म्हणूनच विचारतो. एसी आतला ओलावा काढून टाकतो. मग हा उरतो कसा?"

नानाजींनी बाहेर पाहिलं. कुंपणाला टेकून जुने कंडेन्सर ओळीनं उभे होते. पातळ जाळीच्या चौकटी, जाळीत मेलेले चतुर आणि माश्या अडकलेल्या. फक्त पहिला फुटका होता. दगड लागून. बाकीचे धडधाकट असतानाच काढलेले.

खरं तर कुणाच्या अंगणात डोकावू नये. पण कुंपण कमरेएवढंच असलं की माणसानं तरी पाहायचं कुठं? साऱ्या गल्लीनं ते पाहिलं होतं. बायको रत्नमालाबाई गेल्यापासून देविदासभाऊ दोन घास धड जेवत नव्हते. सकाळी उठले की गाडीचं तोंड उघडून बसत. कुणी भाजी-भाकरी नेऊन दिली तर आधी त्याला गाडीत बसवत आणि विचारत, गार लागतं का. जो बसे तो दंड चोळत उतरे. गार काय, हुडहुडी भरते म्हणे. पण वाफ कुणाला दिसली नव्हती. माणूस उतरून गेलं की ती धरायची.

आणि तिकडे चंद्रपूरच्या भट्टीत मोनाली वाट बघत होती. एकुलती लेक, दिवस भरत आलेले, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलेलं. फोन रोज. बाबा, कधी येता? मी रेल्वेनं निघू का? देविदासभाऊ रोज एकच सांगत, गाडी अजून झाली नाही, झाली की मीच घ्यायला येतो. काल जावयाचा फोन आला. आवाज नरमच होता, पण शब्द पक्के. उद्यापर्यंत आला नाहीत तर नाव इथल्याच दवाखान्यात घालतो. पुढं तिला प्रवास झेपायचा नाही.

म्हणून तर आज नानाजींना निरोप गेला होता.

"मोनालीची आई याच गाडीत…" देविदासभाऊ बोलता बोलता थांबले.

"ठाऊक आहे."

"दम्याचा जोर होता. डॉक्टर म्हणाले, कुणाच्या हातात काही नव्हतं."

"हं."

"एसी गरम हवा मारत होता. कंडेन्सर फुटलेला. गॅरेजात दाखवा, असं रत्नमाला आठवडाभर सांगत होती. मी म्हटलं, आपल्याला मिस्त्री लागत नाही. वरून गॅस भरला. वाटलं, वर्ध्यापर्यंत पुरेल."

हे देविदासभाऊंनी सगळ्यांना सांगितलं होतं. सांगायचे आणि वर म्हणायचे, माझं काम कच्चं राहिलं, आता पक्कं करतो. लोकांनाही ते पटायचं. बायकोवर जीव होता बिचाऱ्याचा, असं म्हणून लोक घरी जायचे.

यापुढचं मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. लेकीलाही नाही.

काच खाली-वर करायचं बटण प्रत्येक दाराला असतं. पण चालवणाऱ्याच्या दाराला एक जादा असतं. ते दाबून ठेवलं की बाकीच्या दारांची बटणं मुकी होतात. लहान पोरांनी चाळा करू नये म्हणून दिलेलं. देविदासभाऊंच्या गाडीत ते कायम दाबलेलं असायचं, कारण रत्नमालाबाईंना वारा आवडायचा. गाडी निघाली की त्या काच खाली घ्यायच्या आणि गार हवा सगळी फुकट जायची.

त्या दिवशी वर्ध्याच्या वाटेवर रत्नमालाबाईंनी आपल्या बाजूचं बटण दाबलं होतं. परत परत दाबलं होतं. टिक… टिक… टिक.

मग म्हणाल्या होत्या, "अहो, काच घ्या ना जरा खाली."

"थांब," देविदासभाऊ म्हणाले होते. "आता होतंच गार."

त्या पुन्हा बोलल्या नाहीत. टिकटिक मात्र बराच वेळ चालू होती.

काचेवरची वाफ आता आक्रसली, आणि पसरली. पुन्हा आक्रसली.

देविदासभाऊंनी खिशातून रुमाल काढला आणि पुसायला वाकले.

"नको," नानाजी म्हणाले.

त्यांचा हात हवेतच राहिला.

"देविदास, तुझ्या दाराला ते काय आहे?"

"कुठं?"

"बोटापाशी. लाल दिवा आहे बघ बारीक."

देविदासभाऊंनी खाली पाहिलं. ते बटण त्या दिवसापासून तसंच होतं. इतके नट खोलले, इतक्या नळ्या बदलल्या, त्याला मात्र त्यांचं बोट लागलं नव्हतं.

"खिडक्यांचं लॉक आहे जी."

"कुणासाठी?"

एसीचा पंखा घरघरत होता. देविदासभाऊंच्या कपाळावर घाम आला, त्या थंडीत.

"गाडी गार व्हायची म्हणून…" ते म्हणाले.

"गाडी झाली गार," नानाजी म्हणाले. "मागितलं काय होतं?"

देविदासभाऊंनी झटकन मान वळवली. हे यांना कुणी सांगितलं? त्या दिवशी गाडीत तर दोघंच होते.

नानाजी त्यांच्याकडे पाहत नव्हते. समोर पाहत होते, पुढच्या डाव्या सीटच्या पाठीकडे, आणि कुणी बोलत असताना आपण ऐकावं तशी त्यांची मान किंचित कलली होती.

टिक.

अगदी बारीक आवाज. डावीकडून.

टिक… टिक.

देविदासभाऊंना वाटलं, उतरून पळावं. मग वाटलं, पळालो तर ही इथंच राहील, बटण दाबत. गाडी अशीच अंगणात उभी राहील आणि लेक कधी घरी येणार नाही.

त्यांनी बोट पुढं केलं. लॉकचं बटण दाबलं. लाल दिवा विझला.

त्यांनी फक्त लॉक काढलं. दुसऱ्या कशाला हात लावला नाही.

डावीकडची काच गुरगुरली आणि आपसूक खाली जाऊ लागली. वाफेचा डाग तिच्याबरोबर खाली सरकत दारात उतरला. बाहेरची झळ आत आली. वाळलेल्या गवताचा वास, कुणाच्या तरी घरच्या फोडणीचा वास. सगळी गार हवा निघून गेली.

रिकाम्या सीटची गादी हलकेच दबली, माणूस मागं रेलून बसावं तशी.

देविदासभाऊ स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. बाई गेल्यावर पहिल्यांदाच. कुंपणापलीकडे कुणाच्या तरी हातातलं सूप पाखडता पाखडता थांबलं.

नानाजींनी घाई केली नाही. रडणं थांबलं तेव्हा ते खाली उतरले, फडकं डोक्यावर घेतलं आणि उघड्या काचेपाशी क्षणभर वाकून उभे राहिले. मग देविदासभाऊंना म्हणाले,

"जा, पोरीला घेऊन ये… तिला मागं बसव."