न पाहिलेली सराई

घाटाखालच्या एका गावात एक गवळी राहायचा. दावणीला बारा म्हशी, आणि माणूस महा चिकित्सक! म्हैस विकत घ्यायची तर विकणाऱ्याच्या घरी मुक्काम ठोकायचा, तीन वेळची धार स्वतःच्या हाताने काढायचा, मगच सौदा.

एकदा गावात एक शेठ आला. घाटमाथ्यावर म्हणे तो सराई बांधत होता. "तुम्ही फक्त पैसे घाला, बाकी सगळं मी बघतो. व्यापारी उतरतील, भाडं घरबसल्या तुमच्या हातात. पहाटे उठायला नको, कंबर मोडायला नको."

गवळ्याची कंबर आधीच दुखत होती. गडी विरघळला. दोन म्हशी विकून त्याने पैसे दिले.

दर सहा महिन्यांनी भाडं यायचं, तेही ठरल्या तारखेच्या आधी. मग काय विचारता! उरलेल्या दहाही विकायला निघाला.

बायको म्हणाली, "अहो, एकदा घाट चढून बघून तरी या. एका म्हशीसाठी तीन वेळची धार काढता, आणि इथे भिंतसुद्धा पाहिली नाहीत. शेठने स्वतःचे किती घातलेत, तेवढं तरी विचारा."

"भाडं येतंय ना वेळेवर? मग बघायचंय काय? विचारलं तर शेठला काय वाटेल!"

दावण रिकामी झाली. पुढच्या खेपेला भाडं आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तेव्हा कुठे हा शहाणा घाट चढला.

वर सराई होती. भिंती होत्या, छप्पर होतं. आत चिटपाखरू नव्हतं. दारात एक म्हातारा राखणदार बसला होता.

"इथे कोण उतरणार, बाबा?" तो म्हणाला. "दोन विहिरी खणल्या, दोन्ही कोरड्या. बैलवाले पुढे ओढ्यावर मुक्काम करतात."

"मग मला भाडं मिळालं ते?"

"शेठ नव्या भागीदारांचे पैसे जुन्यांना वाटत होता. स्वतःची दमडी घातली नव्हती त्याने. मेहनताना मात्र आधीच काढून घेतला, आणि गेला."

गवळी घाट उतरला.

गावात परतल्यावर, ज्याने त्याच्या म्हशी घेतल्या होत्या त्याच्याच दारात तो काम मागायला गेला. गोठ्यात पाऊल टाकताच एक म्हैस त्याच्याकडे बघून दावं ओढू लागली. त्याचा हात सवयीने तिच्या कासेकडे गेला.

"धारेला माणूस आहे," नवा मालक म्हणाला. "तू शेण भर."

त्याने पाटी उचलली.

तात्पर्य इतकंच: भाडं वेळेवर आलं म्हणजे सौदा खरा ठरत नाही, पैसा जिथे घालायचा ती जागा, आणि ज्याच्या हाती द्यायचा त्याचं त्यात स्वतःचं काय अडकलंय, हे आधी आपल्या डोळ्यांनी पाहावं.