उंबऱ्याच्या आतला जोडा

रणधवल राजाच्या अंगठ्यावर पुन्हा पटाशी पडली!

"आई गं!" राजा एका पायावर नाचू लागला. परवा खिळा रुतला होता, काल लाकडाच्या ढलप्यांवरून घसरून महाराज सपशेल आडवे झाले होते. दरबार दिवाणजी सांभाळत आणि महाराज महालामागच्या सुतारखोलीत येणाऱ्या नातवंडासाठी पाळणा घडवत. पाळणा राहिला बाजूला, वैद्यबुवांची मात्र चंगळ झाली होती.

बरं, जोडे घालावेत, तर तेही नाही! हत्यारं म्हणजे देव, त्यांच्यापुढे पायताण न्यायचं नाही, असा घराण्याचा नेम. शेवटी राजाने जोडे शिवणाऱ्या रखमाजीला बोलावलं.

"असा जोडा शीव, की पटाशी पडली तरी अंगठा शाबूत! घसरायचं नाही, दिवसभर उकिडवं बसलो तरी चावायचं नाही!"

"शिवतो की, महाराज."

"आणि ऐक! पायताणाने सुतारखोलीचा उंबरा ओलांडायचा नाही! खंडेनवमीला हत्यारांची पूजा आहे, त्याच्या आत जोडा खोलीत माझ्या पायात हवा. नाहीतर दुकान उचल आणि गाव सोड!"

रखमाजी घरी आला तो कपाळाला हात लावूनच. "उंबरा ओलांडायचा नाही आणि आत पायात हवा! आता काय, छपरातून टाकू?"

"नको आबा," त्याची लेक साळू म्हणाली, "महाराजांच्या अंगठ्यावरच पडेल!"

ती हसली खरी, पण काळजी तिलाही होती. आई गेल्यापासून बापलेकीला त्या दुकानाचाच काय तो आधार होता. ती रात्रभर तळमळली आणि सकाळी गाठोडं घेऊन थेट सुतारखोलीच्या दारात उभी राहिली.

"महाराज, मी रखमाजींची साळू. माप घ्यायला आलेय. कातडं आत आणलं तर चालेल ना?"

"न चालायला काय झालं? पटाशीला धार लावायचा माझा पट्टा कातड्याचाच आहे."

"आणि आरी-दोरा?"

"आरी म्हणजे हत्यारच! ये."

साळूने आपल्या वहाणा बाहेर काढल्या आणि आत येऊन कोपऱ्यात बैठक मारली. माप झालं तरी ती काही उठेना.

"महाराज, बोटांवर बसतील अशा लाकडाच्या दोन टोप्या कोरून द्याल? आमच्याकडे तुमच्यासारखा हात कुणाचा?"

झालं! राजा असा हुरळला की अंगठ्याचं दुखणंसुद्धा विसरला. तो कोरत बसला, साळू शिवत बसली. टोप्यांवरून आणि तळाला म्हशीचं जाड कातडं, तळाची खरखरीत बाजू जमिनीकडे. आतून शेळीचं मऊ कातडं, बोटांना ऐसपैस जागा. पायात अडकणाऱ्या नाड्या नाहीत, नुसता एक पट्टा.

"घाला, महाराज!"

राजाने जोडा घातला आणि मुद्दाम हातोडा पायावर सोडला. खट्ट! अंगठ्याला पत्ताही नाही! मग तो ढलप्यांवर नाचला, उकिडवा बसला, पुन्हा उठला.

तेवढ्यात दिवाणजी दारात आले आणि किंचाळले, "महाराज! सुतारखोलीत जोडे?"

राजाचा चेहरा पडला. "पोरी! नेम मोडलास माझा!"

"मी? दिवाणजी, हा जोडा तुम्ही दारातून आत येताना पाहिलात?"

"नाही बुवा."

"येईल कसा? आत आलं ते कातडं आणि आरी, तेही महाराजांच्या परवानगीने. जोडा तर इथेच जन्मला! त्याने उंबरा अजून पाहिलेलासुद्धा नाही!"

राजा गडबडला. "पण मी जेवायला बाहेर गेलो की?"

"बाकीचे आत येताना जोडे काढतात, तुम्ही बाहेर जाताना काढा!"

"अगं, पण देवांपुढे पायताण ते पायताणच!"

"तुमच्या पटाशीने कोरलंय, माझ्या आरीने शिवलंय. कामाला लागतं आणि काम सोडून कुठे जात नाही. मग रंध्यात आणि ह्यात फरक तो काय? नवमीला ह्यालाही एक फूल वाहा!"

राजा इतका हसला, इतका हसला, की अर्धवट पाळण्याला धरून त्याला उभं राहावं लागलं. "जोडा निम्मा मीच केला आणि मलाच कळलं नाही! रखमाजीचं दुकान कोणी हलवायचं नाही! आणि तू काय हवं ते माग!"

साळू म्हणाली, "आबांना जोडे ताणायला लाकडी पाय लागतात. तेवढे महाराजांच्या हातचे मिळू देत."

खंडेनवमीला करवत, रंधा, पटाशी यांच्या रांगेत जोडाही झेंडूचं फूल मिरवत बसला. आणि रखमाजीच्या दुकानात लाकडी पायांची एक रांगच आली. सगळे जरा वाकडेच, पण राजाच्या हातचे!