उशीतल्या बियांचा डोंगर

कातळवेढे गावाच्या मागचा काळा, बोडका डोंगर म्हणजे हाकेचा डोंगर. वर्षाचे अकरा महिने त्याच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. मग माघ उजाडतो. सकाळी गोधडी सोडवत नाही, चुलीपाशी जागेवरून भांडणं होतात, आणि अशा थंडीत कातळाच्या भेगांमधली वेडीवाकडी झाडं एकाएकी पिवळी होतात. पान एकही नसतं. नुसत्या काटक्या, आणि टोकाला तळहाताएवढी फुलं, हळदीलाही फिकं पाडणारी. ही सोनसावर. ती फुलली की थंडी अजून असली तरी तिचा धाक जातो.

माझं लग्न मार्गशीर्षातलं, म्हणजे गावात सगळ्यात नवी मी. डोंगर पाहायला पाहुणे आले की त्यांना शेवंताआत्या वर नेतात. त्या माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. गुडघे दुखतात, पण ते फक्त उतरताना. त्यांच्यामागून पाण्याची कळशी घेऊन चालायचं काम माझं. त्यामुळे इथली कथा मी आतापर्यंत पाच वेळा ऐकली. दर वेळी त्यातल्या सासऱ्याच्या मिश्या थोड्या लांबल्या, बाकी सगळं तसंच राहिलं. म्हणून बाकीचं खरं असावं.

पाहुण्यांपैकी कुणी फुलाकडे हात नेला, की आत्या काठी आडवी धरतात. "हां! ते झाडाचं न्हाई, बाई. ते भिवराचं हाय." आणि मग कातळावर बसून सांगायला लागतात.

फार जुनी गोष्ट. तेव्हा या डोंगरावर सोनसावर नव्हती म्हणे. चार-दोन किरकोळ झाडं होती, ती वैशाख संपता संपता कशीबशी हिरवी व्हायची. गावचा कारभार रावजी नावाच्या म्हाताऱ्याकडे होता. त्याने नियम घातला होता, की सुगी सुरू झाली की डोंगरावरचं पहिलं झाड जागं होईपर्यंत कुठल्याही सुनेने माहेरासाठी वेस ओलांडायची नाही. ऐकायला नियम सोपा होता. पण झाड जागं व्हायचं तेव्हा मृग तोंडावर आलेला असायचा. मग पेरणी, मग खुरपणी, मग पुन्हा सुगी. बायका एकदा गावात आल्या की माहेर फक्त ओवीत उरायचं.

भिवरा ही याच रावजीची धाकटी सून. डोंगरापलीकडच्या खोऱ्यातली, अबोल मुलगी. लग्नात तिच्या आईने तिला एक उशी दिली होती. त्यांच्या खोऱ्यात सोनसावर मुबलक. तिची बोंडं फुटली की आत रेशमासारखा कापूस निघतो, तो उशीत भरतात. पण पाठवणीच्या घाईत आईच्या हातून कापूस नीट निवडला गेला नाही, बिया आतच राहिल्या. सासू धोंडाईने दुपारी त्या उशीवर डोकं टेकलं, आणि लगेच उठून बसली.

"काय गं, तुझ्या आईनं उशी दिली का खडे बांधून दिले?"

धोंडाई उशी घेऊन तरातरा डोंगराच्या सोंडेवर गेली आणि तिने विळ्याने शिवण उसवली. वैशाखातला वारा होता. कापूस उडाला, डोंगरभर पांगला, कातळाच्या भेगाभेगांत अडकला. खाली अंगणात उभी राहून भिवरा ते बघत होती. तिच्या माहेरातलं तेवढंच तिच्याजवळ होतं.

पावसाळ्यानंतर शेण्या वेचायला ती वर गेली, तेव्हा एका भेगेत तिला ओळखीचं पान दिसलं. पंजासारखं, पाच बोटांचं. माहेरच्या अंगणातलं. तिथेच तिने हात जोडले आणि बोलून ठेवलं, असं सांगतात: "तू माझ्या आईच्या हातची हायस. तू जगलीस तर मी जगले. पाण्याचं मी बघते, पुढचं तू बघ."

तेव्हापासून दर उन्हाळ्यात, घरचे रांजण भरून झाले की घागरीच्या तळाशी उरलेलं पाणी ती वर नेई. एका भेगेला ओंजळभर. गावातल्या बायका हसत. "कातळाला पाणी घालती! उद्या वरवंट्याला दूध पाजंल." भिवरा हसण्यावारी नेत असे. नवरा अधूनमधून दुसरी घागर घेऊन वर येई, पण आपण गुरं बघायला आलो असं सांगून.

अशी सात वर्षं गेली. (कोल्हापूरकडच्या एका पाहुण्याने विचारलं, "बरोब्बर सातच?" आत्या म्हणाल्या, "तुमी मोजायला होता का?")

सातव्या वर्षी ऐन माघात बांगड्या भरणारा कासार निरोप घेऊन आला. भिवराच्या धाकट्या बहिणीचं, गोदीचं, लग्न माघी पुनवेला ठरलं होतं. भिवरा सासरी निघाली तेव्हा ही गोदी आठ वर्षांची, तिचा पदर धरून वेशीपर्यंत रडत आलेली. आता तिने हट्ट धरला होता, की ताई आल्याशिवाय बोहल्यावर चढणार नाही. पुनवेला पाच दिवस उरले होते. मुहूर्त चुकला तर वरपक्ष वऱ्हाड परत नेणार, असंही कासाराने खाली मान घालून सांगितलं.

भिवराने सासूकरवी विचारलं. पारावर बसलेल्या रावजीने डोंगराकडे मिशी वळवली. "झाड जागं झालंय का? न्हाई ना? मग."

एक दिवस गेला. दोन गेले, तीन गेले. पुनवेला दोनच दिवस उरले, त्या सकाळी भिवरा शेण्यांची पाटी घेऊन वर चढली आणि सोंडेवर थबकली. नुसत्या काटक्यांवर पिवळं फूल उघडलं होतं. एक, मग दुसरं, मग भेगाभेगांतून सगळीकडे. जिथे जिथे कापूस पडला होता, तिथे तिथे.

सात वर्षांत जिचा आवाज शेजारच्या घरातही कुणी ऐकला नव्हता, ती भिवरा डोंगरावरून ओरडली: "जागं झालं गं! बायांनो, जागं झालं!"

ती हाक तीन वाड्यांपलीकडे गेली म्हणे. पारावरची माणसं उठली. रावजी वर बघून गुरगुरला, "पान कुठाय? पालवी न्हाई, काय न्हाई. असलं जागं होनं आमी मानत न्हाई."

भिवरा धापा टाकत खाली आली होती. ती उत्तर देणार, तोच तिच्या मागून आवाज आला.

"निजलेलं कुनी एवढं नटतं व्हय?"

बोलणारी धोंडाई होती. काखेत गाठोडं. तिला स्वतःला माहेर बघून एकतीस वर्षं झाली होती. रावजीकडे न बघता ती सुनेला म्हणाली, "उशी मीच उसवली हुती. त्या बिया टोचल्या म्हनून बरं झालं. चल, बाई. तुला तुझ्या खोऱ्यात सोडते आन् मी म्होरं जाते. माझा भाऊ मला वळखतो का बघू."

त्या दोघी वेशीबाहेर पडल्या, आणि त्यांच्यामागून एकेका दारातून सगळ्याच सुना निघाल्या. अडवायचं कुणाला आणि किती जणींना, हे पुरुषांना ठरवता येईना. गोदीच्या डोक्यावर अक्षता पडल्या तेव्हा भिवरा तिच्या शेजारी उभी होती, केसांत कातळावरचं एक फूल. तेवढंच काय ते तोडलेलं. मागे गावात रावजीने पिठलं केलं. त्यात गाठी झाल्या, तरी सगळ्यांनी मुकाट्याने खाल्लं.

आजही माघात पहिली सोनसावर उघडली, की गावातली सगळ्यात नवी सून डोंगरावरून हाक देते. आजही त्या दिवशी सगळ्या सुना माहेरी जातात, आणि पुरुष पिठलं करतात. गाठी झाल्या नाहीत तर मुद्दाम ठेवतात. आणि आजही इथल्या लेकीच्या पाठवणीत जी उशी देतात, तिच्यात आई सात बिया राहू देते.

यंदाची हाक माझी होती. मला दारावर आलेल्या भाजीवाल्यालाही हाक मारता येत नाही. चार दिवस धास्ती होती. वर गेले, फूल पाहिलं, आणि जे काही तोंडातून निघालं ते माझं मलाच नीट ऐकू आलं नाही. पुन्हा ओरडले. तिसऱ्यांदा डोंगराने उलट हाक दिली, तेव्हा मला हसू आलं.

सासूबाईंना ऐकू गेलं का, हे मी अजून विचारलेलं नाही. मी धावत खाली आले तेव्हा त्या नवी चप्पल घालून, पिशवी मांडीवर धरून, एसटीच्या थांब्यावर बसल्या होत्या. शेजारी माझीही पिशवी भरून ठेवलेली होती.