भावाच्या शेतातला पाट

एका उपवासकाळात मी व्रत धरलं होतं. ज्याचा राग आला असेल, त्याचं नाव प्रभूपुढे घेतल्याशिवाय चूल पेटवायची नाही. फार जड गेलं बाई ते! त्याच दिवसांत ही गोष्ट मी घरातल्या मुलांना सांगू लागले.

फार फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे बंधाऱ्यावरून निघालेला एकच पाट एकामागून एक सगळ्या शेतांतून वाहत जाई. ज्याची त्याची पाळी ठरलेली, आणि पाळ्या राखायला एक पाटकरी. त्याच्या धाकट्या भावाचं शेत शेवटून दुसरं. अगदी शेवटचं एका एकट्या म्हातारीचं.

गहू ओंबीवर आला होता. एका दुपारी, सगळे जेवायला गेले असताना, धाकट्याने म्हातारीच्या पाळीचं पाणी आपल्या शेतात वळवलं.

पाटकरी संतापला. संतापायलाच हवं होतं.

"म्हातारीचा घास पळवतोस? पुन्हा तोंड दाखवू नकोस मला!" म्हणत त्याने भावाच्या शेतापाशी दगडमाती टाकून पाट बुजवला.

"शाब्बास! चोराला थेंब नको," गाव म्हणालं.

धाकटा डोंगरावर मेंढपाळांकडे निघून गेला. पाटकरी मात्र रोज संध्याकाळी बांधावर बसून डोंगरावरचा धूर बघत राही. भाऊ जेवला असेल का?

म्हातारीची पाळी पुन्हा आली, पण पाणी आलं नाही. तिचा पाट धाकट्याच्या शेतातूनच जात होता. रागाच्या भरात कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. सुकलेली ओंबी तळहातावर घेऊन ती बांधावर आली.

"लेकरा, माझ्यासाठी कुणीतरी रागावलं, बरं वाटलं. पण तू चोरी अडवलीस की भाऊ?"

"दोन्ही एकच, आजी."

"एकच असतं, तर त्या धुराकडे असा बघत बसला नसतास."

पाटकरी उठला, हातांनीच दगड उपसले आणि पाणी सोडून तडक डोंगर चढला.

"मारायला आलास, दादा?"

"दोन लगावाव्याशा वाटतात खऱ्या! चल घरी."

"आणि मी केलं ते?"

"ती चोरीच. तुझ्या पाळीचं पाणी यंदा आजीचं, आणि तिच्या शेतात पाणी वळवायला दारं तू धरायचीस. पण जेवायला माझ्या शेजारी बसायचं."

धाकटा ढसढसा रडला. त्या हंगामात म्हातारीच्या शेतात फावडं घेऊन तोच राबला. करपला तो गहू काही परत आला नाही. पण उरलेल्या ओंब्या भरल्या.

पापाची चीड जरूर धरावी, पण पाप करणाऱ्याची वाट बुजवू नये. देवबाप अजून त्याची वाट पाहतो आहे.

आज तुम्हीही, चूल पेटवण्याआधी, अशा एकाचं नाव प्रभूपुढे घ्याल ना?