लिगायाला सांगायचं वाक्य

“‘बुडाला’ याला तुमच्याकडे काय म्हणतात?”

सिस्टर रेमींनी ताटातली लसणाची पाकळी उचलून धरली.

“हे काय?”

“बावांग.”

“आणि भात?”

“कानिन. सिस्टर, हे सगळं झालंय माझं. चमचा, पाणी, दार, उशी... मला पुढचं हवं आहे.”

“पोरगी आधी उशीच मागेल की, प्रोफेसर.”

प्रोफेसर हुपरीकरांनी वहीचं पान उलटलं.

गगनबावड्याच्या वाटेवरच्या ख्रिस्ती मठात सिस्टर रेमी तरुणपणी फिलिपिन्सहून आल्या आणि तिथंच म्हाताऱ्या झाल्या. मराठी त्या तिथल्याच कुष्ठरोग्यांच्या वॉर्डात शिकल्या. हुपरीकरांनी सारी हयात कॉलेजात इंग्रजी शिकवलं होतं. निवृत्तीनंतर ते सिस्टरांची टागालोग भाषा शिकायला त्यांच्याकडे येत होते, ते एका मुलीसाठी.

ती त्यांची नात, लिगाया. त्यांच्या मुलाची, निनादची.

तिची फिलिपिनो आई बाळंतपणातच गेली होती. निनाद जहाजावर, म्हणून मुलगी तिकडच्या आजीजवळ बेटावर वाढत होती. तिला टागालोगखेरीज काही येत नव्हतं. मग निनादचं जहाज बुडालं.

लिगायाला ते अजून कोणी सांगितलं नव्हतं. बापाची बातमी बापाच्या माणसानेच द्यायची, असं ती आजी धरून बसली होती. पोर रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बसत होती. अंधार पडला की आजी तिला उचलून घरी आणत होती.

“मी सांगू का तिला?” सिस्टर म्हणाल्या. “दोन वाक्यांचं काम आहे.”

“नको. मीच सांगणार. आणि नीट सांगणार. तोडकंमोडकं नाही.”

“तयार केलंय वाटतं.”

“केलंय.”

“मग म्हणून दाखवा.”

हुपरीकर ताठ बसले. वर्गात बसत तसे.

“वाला ना आंग ताताय मो...”

तुझे बाबा आता नाहीत. मग वादळ आलं, मग जहाज, मग समुद्र, मग देवाची इच्छा. एकेक वाक्य घासूनपुसून ठेवलेलं. ते कुठेच अडखळले नाहीत.

सिस्टर लसूण सोलत राहिल्या.

“कुठे चुकलं?”

“कुठेच नाही. मनिलाच्या रेडिओवर घेतील तुम्हाला.”

“मग फोन लावू?”

“आधी मराठीत म्हणा.”

“मराठीत कशाला? तिला मराठी येत नाही.”

“तुम्हाला येतं की.”

“हा काही भाषेचा धडा नाही, सिस्टर.”

“नसू दे. घरी कसं सांगितलंत?”

“बहिणीला मेसेज केला. इंग्रजीत.”

“आणि बायकोला?”

“कंपनीचा माणूस आला होता. त्याने सांगितलं.”

“तुम्ही?”

“मी... शेजारी उभा होतो.”

सिस्टरांनी सुरी खाली ठेवली.

“म्हणा.”

हुपरीकरांनी घसा साफ केला. चष्मा काढला, पुन्हा लावला.

“निनाद...”

वॉर्डात कोणीतरी खोकत होतं. ते थांबेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. थांबल्यावरही पाहिली.

“माझा निनाद...”

पुढचा शब्द आला नाही. तोंड उघडंच राहिलं. एका हाताने त्यांनी टेबलाची कड धरली. मग छातीतून जे बाहेर आलं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं.

सिस्टरांनी पाणी दिलं नाही. खांद्यावर हात ठेवला नाही. समोर बसून राहिल्या.

बऱ्याच वेळाने हुपरीकरांनी रुमालाने तोंड पुसलं. पुन्हा ताठ बसायला गेले. पाठ वाकलेलीच राहिली.

“वाला ना... ताताय... आंग ताताय...”

शब्द मागेपुढे झाले. आवाज मध्येच फाटला. वादळ आठवेना. जहाजाला काय म्हणतात, तेही आठवेना.

“चुकलं,” ते म्हणाले. “थांबा. पुन्हा म्हणतो.”

सिस्टरांनी एप्रनला हात पुसले. टेबलावरचा फोन उचलला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

“मला नको,” त्या म्हणाल्या. “तिला म्हणा.”